फुकेत-क्राबीला प्रायव्हेट स्पीड बोट घ्यावी का? म्हातारी माणसं अन् लेकरं सोबत असतील तर

लातूरच्या एका दादांनी विचारलंय. घरातले दहा जण थायलंडला निघायलेत. आई-वडील सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात, वडिलांना शुगर. दोघं भाऊ, दोघी जावा, एक मामा, आणि तीन लेकरं, त्यातलं धाकटं चार वर्षांचं. पोहता येतं फक्त मामाला, ते पण विहिरीत शिकलेले. एजंट म्हणायलाय की फुकेतहून प्रायव्हेट स्पीड बोट घ्या, एका दिवसात सात आयलंड करून देतो. तर दादांचा प्रश्न असा की जॉइनिंग टूर (बाकीच्या माणसांसोबत एकाच बोटीत) घ्यावी का प्रायव्हेट, पैसे वसूल होतील का, आणि मेच्या सुट्टीत जावं का दिवाळीत.

मी संभाजीनगरहून ग्रुप घेऊन जातो, बरीच वर्षं झाली, आणि माणसं जास्त करून आपल्याकडचीच, जालना, परभणी, बीड, नांदेड. म्हणजे बहुतेकांनी पाण्यातली बोट पाहिली ती कुठल्या तरी धरणावर नाहीतर गोदावरीच्या घाटावर. त्यामुळं हा प्रश्न मला दर सीझनला कुणी ना कुणी विचारतंच, आणि उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं, कारण ते तुमच्यात कोण कोण आहे यावर आहे, बोटीवर कमी.

आधी ते पैसे वसूलचं बघू. आयलंड मोजून वसुली काढायला गेलात की फसलात. जॉइनिंग टूरमधे एका बोटीत तीस-पस्तीस माणसं असतात, गाइड सांगतो इथं चाळीस मिनिटं, इथं अर्धा तास, जेवायला एक तास, आणि त्याला ते पाळावंच लागतं कारण बाकीची माणसं पण पैसे देऊनच बसलेली असतात. फळं, कोल्ड्रिंक, मास्क, गाणी हे सगळं त्यात पण मिळतं. मंग प्रायव्हेटचे जास्तीचे पैसे कशाचे? तर वेळेचे. किती वाजता निघायचं, कुठं दोन तास बसायचं, कुठं थांबायचंच नाही, आणि कुणाला त्रास झाला तर बोट सरळ माघारी वळवायची, हा हक्क तुम्ही विकत घेता. आणि तो हक्क घेऊन परत एजंटचीच सात आयलंडची यादी पळत सुटलात तर जास्त पैसे भरून जॉइनिंग टूरच केली की तुम्ही. सात आयलंड म्हणजे चौदा वेळा चढ-उतार, हे आईच्या गुडघ्याला विचारून बघा.

आकडे सांगतो, ढोबळ धरा, सीझन अन् बोटीच्या साइजप्रमाणे हलतात. फुकेतहून फीफी बेटांची बऱ्यापैकी जॉइनिंग टूर माणशी दोन हजार बाटच्या आसपास पडते. दहा-पंधरा माणसांची प्रायव्हेट स्पीड बोट दिवसभराला पंचवीस ते पस्तीस हजार बाट. एक बाट अडीच ते तीन रुपयांच्या मधे धरा. म्हणजे दहा जणांचे जॉइनिंगला पन्नास-साठ हजार रुपये आणि प्रायव्हेटला, मधले तीस हजार बाट धरले तर, पंच्याहत्तर ते नव्वद हजार, फरक निघाला माणशी अडीच-तीन हजारांचा. तुमच्या दहा जणांत म्हातारी माणसं अन् चार वर्षांचं लेकरू आहे, तर हा फरक मी डोळे झाकून देईन. हेच नवरा-बायको दोघंच असते तर म्हणलं असतं, उगं कशाला, जॉइनिंगला जा अन् वाचलेल्या पैशात अजून दोन दिवस राहा. पाच-सहा जण आणि सगळे तरुण असतील तर मधलं मधलं आहे, त्यांचं त्यांनी ठरवावं.

आणि नॅशनल पार्कचं तिकीट यात धरलंय का ते विचारा. फीफीला परदेशी माणसाला मोठ्याचे ४०० बाट आणि लहानाचे २०० असं लागतं. तुमचे सात मोठे तीन लहान, म्हणजे ३,४०० बाट झाले, आणि हे बऱ्याच वेळा पियरवर, म्हणजे बोटीच्या धक्क्यावर, गेल्यावर सांगतात.

आता मे का दिवाळी. इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण खरी गंमत इथंच आहे.

फुकेत, फीफी, क्राबी हे सगळं थायलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, अंदमान समुद्रात. तिथं पण नैर्ऋत्य मान्सूनच येतो, आपलाच, फक्त आपल्या आधी. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तिकडं पावसाळा, आणि पाऊस हा त्यातला छोटा प्रॉब्लेम, पाऊस काय येतो अन् जातो. मोठा प्रॉब्लेम लाटांचा. ऊन पडलेलं असतं, किनाऱ्यावर माणसं फोटो काढायलेली असतात, आणि मधे समुद्रात दोन-दोन मीटरच्या लाटा चालू असतात. आपल्या माणसाला हे पटत नाही, त्याला वाटतं आभाळ मोकळं आहे म्हणजे झालं. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ पर्यटकांची बोट वादळात बुडाली, ४७ माणसं गेली. ती काही छोटी स्पीड बोट नव्हती, चांगली मोठी होती, आणि हवामानाचा इशारा असताना समुद्रात गेलेली होती. त्यानंतर तिकडं कडक झालंय, लाटा वाढल्या की लहान बोटींना किनाऱ्यावरच थांबवतात. पण थांबवलं म्हणजे तुमचा दिवस गेला, अन् नाही थांबवलं तर आई-वडिलांचे हाल.

म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा जणांचं लटांबर घेऊन फीफीला जायला मी सांगणार नाही. लेकरांच्या शाळेमुळं मेच शक्य असेल तर एकदम सुरुवातीला जा, नाहीतर प्लॅनच बदला आणि फांग नगाच्या खाडीत जा, जिकडं ते जेम्स बाँड आयलंड आहे. ती खाडी फुकेत अन् मेनलँडच्या मधे आहे, मान्सूनच्या लाटा फुकेतलाच आदळतात, आत पाणी बरंच शांत राहतं. पाणी मात्र तिथं हिरवट गढूळ असतं, मासे बघायचं विसरा. पण पाण्यातून सरळ वर उठलेले चुनखडीचे डोंगर, गुहेतून कयाक घालून आत जाणं, खांबांवर उभं असलेलं पानयी गाव, म्हाताऱ्या माणसांना तेच जास्त आवडतं हा माझा अनुभव. कयाक वल्हवायला त्यांचा माणूस असतो, आपण फक्त बसायचं.

दिवाळी चांगली, नोव्हेंबरात आली तर. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत समुद्र आपल्या कामाचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अधूनमधून पाऊस लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येकडून वारं येतं तेव्हा फुकेत-फीफीच्या मधे पाणी उसळतं कधी कधी, पण ते पावसाळ्यासारखं नाही. सगळ्यात गुळगुळीत पाणी मला फेब्रुवारी-मार्चमधे मिळतं, पण तेव्हा आपल्याकडं परीक्षा.

आता एक गोष्ट जी कुठलाच एजंट सांगत नाही. तारीख ठरवायच्या आधी घरातलं पंचांग काढा. हसू नका. भरती-ओहोटी चंद्रावर चालते हे शाळेत शिकलो आपण, पण मराठवाड्यात त्याचा कधी उपयोगच पडला नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती लई वर चढते अन् ओहोटीला पाणी लई खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी. बोटीच्या दिवसावर याचा थेट परिणाम होतो. फीफीचं पिले लगून (डोंगरांनी वेढलेलं आतलं पाणी) किंवा क्राबीचं हाँग आयलंडचं लगून, ओहोटीला पाणी कमी झालं की बोट आत जाऊ शकत नाही. उलट क्राबीला थाले वाएक म्हणून वाळूचा पट्टा आहे, दोन आयलंडच्या मधे समुद्रातून चालत जायचं, तो ओहोटीलाच उघडा पडतो आणि उधाणाच्या दिवसांत सगळ्यात भारी दिसतो. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळेला मागितल्या तर मिळत नाहीत. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, भाऊबीज करून तुम्ही निघालात की तिथं उधाण अजून जोरात असतं, सप्तमी-अष्टमीपर्यंत ते उतरतं. तुमच्यासारख्या ग्रुपला मी अष्टमीच्या आगंमागं बोट घ्यायला सांगतो, पाण्याची पातळी दिवसभर फार हलत नाही, बोट किनाऱ्याच्या जवळ येते, चढ-उतार सोपी पडते. आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, म्हणून मागच्या महिन्यात गेलेल्या मित्राचा टाइमटेबल उचलून चालत नाही. कॅप्टनला विचारायचं, त्या दिवशीची ओहोटी किती वाजता, आणि त्याप्रमाणं आधी कुठं अन् नंतर कुठं. प्रायव्हेट बोटीत हे तो ऐकतो, त्याचेच तर पैसे दिलेत.

आता फुकेत का क्राबी, हे तुम्ही विचारलंच नाही पण विचारायला पाहिजे होतं. फुकेतहून फीफी जवळपास पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, स्पीड बोटीला पाऊण ते एक तास, आणि तो सगळा उघड्या समुद्रातला. क्राबीला आओ नांग बीचला राहिलात तर पोदा, चिकन आयलंड, रायलेचा बीच हे पंधरा-वीस मिनिटांवर, हाँग आयलंड अर्ध्या तासाच्या आसपास. पाणी तुलनेनं शांत, बोट पण स्वस्त पडते कारण इंधन कमी जळतं. लाकडी लाँगटेल बोट तर अजून स्वस्त, पण तिचं इंजिन मागं उघडं असतं, आवाजानं डोकं उठतं, दोन-तीन तास ठीक. तुमच्या जागी मी असतो तर फुकेतला शॉपिंग अन् बाकीचं करून दोन-तीन रात्री क्राबीला काढल्या असत्या आणि बोट तिथून घेतली असती. तरण्या माणसांना फीफीच बघायचं असेल तर त्यांनी एक दिवस जॉइनिंगनं जाऊन यावं, आई-वडील हॉटेलवर आराम करतील, त्यात काय एवढं. सगळ्यांनी सगळं एकत्रच केलं पाहिजे असा काही नियम नाही.

एसटीत मागची सीट उडवते, स्पीड बोटीत उलटं, पुढची उडवते. नाकाकडच्या गाद्यांवर बसायला लेकरं अन् तरणी पोरं पळत जातात, फोटो भारी येतो, पण लाटेवर आपटली की सगळा दणका तिथं. आई-वडिलांना पाठीमागं, इंजिनाच्या पुढच्या सीटवर बसवा. कंबरेचं, मणक्याचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर स्पीड बोट नकोच, चांगले ऑपरेटर घेत पण नाहीत. आणि कॅप्टनला आधीच सांगून ठेवा, हळू. "चा-चा" म्हणलं की त्याला कळतं.

चढण्या-उतरण्याचं बघा. पियरवरून बोटीत पाय टाकणं सोपं, पण काही ठिकाणी बोट वाळूपासून थोडी लांब थांबते आणि गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन मागच्या शिडीनं चढावं लागतं. शिडी स्टीलची, पायऱ्या अरुंद, ओल्या, बोट वरखाली होत असते, आणि तुमची चप्पल तर निघताना पियरवरच एका टोपलीत टाकून घेतलेली असते. दुखऱ्या गुडघ्याला हे एका दिवसात तीन वेळा जमतं, चौथ्या वेळी माणूस म्हणतो मी इथंच बसते, तुम्ही जाऊन या. म्हणून माझा हिशोब तीन ठिकाणांचा, चौथं नाही. सगळ्यांना रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्या, इथंच चार-पाचशेत मिळतात, तिकडं वाळूत पोवळ्याचे तुकडे असतात अन् दुपारी वाळू तापते.

आईंच्या कपड्यांचं जरा घरातल्या सुनांनी बोलून घ्यावं. साडी ओली झाली की पायात अडकते, वर लाइफ जॅकेट, खाली शिडी, पडायला कारणच नको. पंजाबी ड्रेस नाहीतर पोरीची ट्रॅक पँट अन् मोठा टी शर्ट. पहिले नाही म्हणतात, मंग तिथं सगळ्याच बायका तशा बघून सैल होतात.

परभणीकडच्या एका आजी होत्या माझ्या ग्रुपमधे, प्रायव्हेट बोट होती, नातवाचा ड्रेस घालून आलेल्या. हाँग आयलंडला उथळ पाण्यात लाइफ जॅकेट घालून बसल्या ते उठेचनात. पाणी छातीपर्यंत, बारके बारके मासे पायाशी यायले, आजी ओंजळीत धरायला बघायल्या अन् मासे बोटांमधून निसटायले, परत ओंजळ, परत तेच. पोरगं सांगायलं आई पुढं अजून दोन आयलंड आहेत. म्हणल्या तुम्हीच जावा. शेवटी मी कॅप्टनला म्हणलं पुढचं कॅन्सल, आपण इथंच थांबू. जॉइनिंग टूर असती तर पस्तिसाव्या मिनिटाला गाइडनं शिट्टी मारली असती.

पोहता येत नाही याची काळजी तुम्ही जेवढी करताय तेवढी नका करू, पण जिथं करायची तिथं करा. लाइफ जॅकेट घातलं, सगळे पट्टे लावले की माणूस तरंगतो, खाऱ्या पाण्यात तर अजून. घोळ लहान मुलाचा होतो. मोठ्या साइजचं जॅकेट लेकराला घातलं की पाण्यात जॅकेट वर अन् लेकरू खाली सरकतं. चार वर्षांच्या मुलाचं जॅकेट आहे का, त्याला पायांमधून घ्यायचा पट्टा आहे का, याचा फोटो आधी मागा. नाही म्हणले तर इथून घेऊन जा, वजनाला काही नसतं. बोटीतून खोल पाण्यात उतरायचं असेल तर दोरी बांधलेला फुगीर रिंग मागायचा, सगळ्यांनी तो धरून राहायचं. आणि मामांना सांगा, विहिरीत पोहणं वेगळं, इथं पाणी ओढतं, जॅकेट काढून शहाणपणा नको. उतरायच्या आधी बिअर तर अजिबात नको, हे मामांना उद्देशून नाही, सगळ्यांनाच.

गाडी लागते तशी बोट लागते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना लागणारच असं धरून चाला. आपल्याकडं अ‍ॅव्होमिन मिळते ती आदल्या रात्री अन् सकाळी निघायच्या तास-दीड तास आधी घेतात, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. झोप येते तिनं. पण वडिलांच्या शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील अन् लेकराचा डोस वजनावर असतो, म्हणून हे इथूनच डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. रिकाम्या पोटी बसू नका, दोन इडल्या-टोस्ट एवढं खाऊनच निघा, वडिलांना तर सक्तीच. बोटीत मोबाइलमधे खाली बघत बसलं की लवकर लागते, लांब आकाश-पाण्याच्या रेषेकडं बघायचं. आलेपाक खिशात ठेवा.

बाथरूमबद्दल कुणी बोलत नाही. शुगरच्या माणसाला बऱ्याचदा सारखं जावं लागतं, बायकांचा तर प्रश्नच मोठा. कित्येक स्पीड बोटीत टॉयलेट नसतंच, असलं तर कपाटाएवढं. बुक करताना विचारा बोटीत आहे का, आणि प्रत्येक स्टॉपला आहे का. ज्या बीचवर नाही तो तुमच्या यादीतून काढून टाका, कितीही सुंदर असू दे.

जेवणाचं सोपं आहे. फीफीच्या मोठ्या आयलंडवर, तोनसाईला, इंडियन हॉटेलं आहेत. क्राबीच्या छोट्या आयलंडवर मात्र पॅक लंच घेऊन जावं लागतं, आणि तिकडं व्हेज म्हणलं तरी फिश सॉस पडतो, तो वेगळा सांगावा लागतो. आपले धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी घरून नेली तर दोन दिवस टिकतात, बोटीवर त्यासारखं काही नाही. फक्त थर्माकोलचे डबे, एकदा वापरायचं प्लास्टिक नॅशनल पार्कमधे बंद आहे, स्टीलचा डबा न्या. माशांना तुकडे टाकायचे नाहीत, पोवळ्यावर पाय द्यायचा नाही, त्याला दंड आहे. सनस्क्रीन पण बघून घ्या, ऑक्सिबेंझोन अन् ऑक्टिनोक्सेट असलेलं तिथल्या मरीन पार्कमधे २०२१ पासून चालत नाही, बाटलीच्या मागं लिहिलेलं असतं. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे टी शर्ट घाला, सनस्क्रीन कमी लागतं.

फीफीची ती फोटोतली खाडी, माया बे, बघायचंच असं ठरवलं असेल तर दोन गोष्टी माहीत पाहिजेत. गर्दीनं पोवळ्यांची वाट लागली म्हणून २०१८ च्या जूनमधे ते बंद केलं होतं, जानेवारी २०२२ मधे उघडलं. आता बोट त्या खाडीत जाऊ देत नाहीत, पाठीमागं लोसामा बेला तरंगत्या जेटीवर उतरवतात, तिथून लाकडी वाटेनं चालत जायचं, आणि पाण्यात गुडघ्यापर्यंतच. पोहणं नाही. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमधे बंदच असतं. फोटोत खाडीच्या मधोमध बोट दिसत असेल तर तो फोटो जुना आहे, असा फोटो पाठवणाऱ्या एजंटकडं मी दुसऱ्यांदा बघत नाही.

तर आतापर्यंतचं तुमच्यापुरतं सांगायचं म्हणलं तर दिवाळीनंतर अष्टमीच्या आसपास, शक्यतो क्राबीहून, प्रायव्हेट, तीनच ठिकाणं. फीफीच पाहिजे असेल तर फुकेतहून सकाळी सातला पियर सोडायचं, माया बे आधी करायचं कारण दहानंतर तिथं जत्रा भरते, मंग पिले लगून न उतरता बोटीतूनच बघायचं, तोनसाईला जेवण, आणि ज्यांना पाण्यात बसायचं त्यांच्यासाठी बांबू आयलंड. तीनच्या आत परतीला निघायचं, दुपारनंतर वारं उठतं. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं आहे, म्हणजे सातला पियरवर जायचं तर आपल्या हिशोबानं पहाटे चारलाच उठावं लागतं, लेकरांचा विचार करा. आणि बोटीचा दिवस पोचल्या पोचल्या ठेवू नका, रात्रीच्या विमानानं सगळे गळालेले असतात. शेवटच्या दिवशी पण नको, हवा बिघडली तर सरकवायला एक दिवस मागं शिल्लक पाहिजे.

एजंटला काय विचारायचं ते लिहून ठेवा. बोटीचा खरा फोटो, तिच्या नावासकट. इंजिनं किती, एक असेल तर उघड्या समुद्रात मी जात नाही, दोन पाहिजेत. दहा माणसांना निदान पंधरा सीटची बोट. इंधन, पार्कचं तिकीट, हॉटेलहून ने-आण, विमा, गाइड यातलं काय आत अन् काय बाहेर. जास्तीचा तास झाला तर किती. हवामानामुळं रद्द झालं तर पैसे परत का तारीख बदलून, हे शब्दात नको, मेसेजमधे. त्यांच्या टुरिझम खात्याचा लायसन्स नंबर, तो खरी कंपनी बिनधास्त देते. आणि प्रायव्हेट म्हणजे बोटीत फक्त आमचीच दहा माणसं, हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एका फॅमिलीला प्रायव्हेट म्हणून पैसे घेतले अन् पियरवर गेल्यावर आणखी आठ जण आधीच बसलेले. सगळे पैसे आधी पाठवू नका, थोडा अ‍ॅडव्हान्स, बाकीचे पियरवर बोट बघून.

ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना स्नॉर्केलिंग (मास्क लावून पाण्यात मासे बघणं) त्यात येतं का बघा, अन् वडिलांची शुगर लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच काढतात.

टिपचं पण विचारतात लोक. सक्ती नाही, पण दिवसभर आईला हात धरून चढवणारं, उतरवणारं ते पाठीमागचं पोरगं असतं ना, त्याला अन् कॅप्टनला वेगवेगळी द्या, दोन-तीनशे बाट प्रत्येकी ठीक. एकत्र कॅप्टनच्या हातात दिली की पोरापर्यंत किती जाते ते कॅप्टनलाच माहीत.